तड्याच्या टोकाशी

प्लंबर नवनाथ उभ्यानंच म्हणाला, काढून टाका.
हातात चहा होता, टबात वाकूनही बघितलं नाही.
टब आधी बसला, बाथरूमची चौकट नंतर, हे मला ठाऊक,
ब्याण्णव साली मी समोर उभी होते.
म्हणजे घण. म्हणजे फरशा. म्हणजे खालच्या ओसवालांचं छत.
अडतीस हजार, वर मजुरी,
आणि पुण्यात टब लागतो कुणाला,
हे तो बोलला नाही,
पण चहा संपेपर्यंत तेच पीत होता.

खरंय. लागतो कुणाला.
एक दिवसाआड पाणी यायचं त्या उन्हाळ्यात हा आमचा हौद होता.
यात गोधड्या तुडवल्या,
रेवतीच्या कांजिण्यांत कडुलिंबाचा पाला तरंगला.
यात खरोखर कुणी पाय पसरून बसलं असेल तर हेच,
सायटिकासाठी खडेमीठ घालून, रेडिओ दाराबाहेर.
आता ह्यांचा डावा पाय उंबरठाही ओलांडत नाही.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, मी तांब्या ओतते.
तरी नवनाथला मी नाही म्हटलं.
का, ते त्यानं विचारलं नाही. बरं झालं.

दस्तगीर मुल्ला भोसरीहून आला.
पूर्वी फायबरचे बंपर करायचा, बसचे.
चहा नको म्हणाला, रोजे चालू आहेत.
कलिंगड वाजवावं तसा तळ वाजवत गेला,
एका जागी आवाज बदलला.
"पाना पडला ते निमित्त, ताई. खाली पोकळी आहे.
बसवणाऱ्यानं कडेला विटा लावल्या, मधे काही भरलंच नाही.
वजन आलं की हा दबतो. तीस वर्षं दबतोय."
मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

मग त्यानं ड्रिल काढलं.
अहो, आणखी भोक?
"तड्याला टोक असतं तोवर तो चालतो.
टोकाशी गोल भोक पाडलं, की त्याला पुढची वाट सापडत नाही."
दोन्ही टोकांना दोन, तांदळाएवढी.
मधे एक जरा मोठं, त्यातून नळी, नळीतून फेस,
खाली कुठेतरी काहीतरी फुगत गेलं
आणि टब पहिल्यांदाच मुका झाला.

जाळी, रेझिन, वर पुन्हा जाळी.
ऐंशी नंबरचा कागद, दोनशेवीसचा, मग सहाशेचा, ओला करून.
"नवा पांढरा मारला तर ठिगळ दिसेल."
पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब,
काळा सुईच्या अग्रावर राहील तेवढाच;
श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणावर
तो तीस वर्षं कालवत बसला.

वास घरभर. आतून हाक आली, हल्ली शब्द अर्धाच येतो.
टब दुरुस्त होतोय, मी म्हटलं.
बराच वेळ काही नाही. मग, "कि... किती?"
साडेचार हजार.
आतून घशातला एक आवाज आला. हसू असावं.
महाग वाटलं असतं तर वेगळा येतो, तो मी ओळखते.

चोवीस तास हात लावायचा नाही.
मग भरायचा, पेन्सिलनं रेघ मारायची, सकाळी बघायची.
गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारी रात्री भरला,
उगाच सांडलं असं कुणी म्हणायला नको.
रात्री दोनदा उठले.
एकदा ह्यांच्यासाठी, एकदा नुसतीच.

सकाळी पाणी रेघेच्या खाली. केसभर.
फोन लावला.
"एप्रिल आहे ताई, तेवढं हवा पिते," तो म्हणाला,
"तडा इतका मोजून पीत नाही."

खुर्ची टबाशी ओढली. तांब्या सापडेना,
मी बाल्कनीत बघून आले तोवर
ह्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून
पाण्यात ठेवला होता, मनगटाच्या वरपर्यंत.
मी रेघ बघितली.
पाणी तिला टेकलं होतं.